पाय उचलेपर्यंत

"वर्ना, आता तू सांग. कुठलं घ्यायचं?"

व्हायोलिनसारखं फिडल मांडीवर आडवं ठेवून डॉयलनं विचारलं, तशी वर्नानं सवयीनं डावीकडं पाहिलं. डावीकडच्या खुर्चीवर ऑर्लिन नव्हता. गेल्या महिन्यातच सगळ्यांनी मिळून तिच्या नवऱ्याला चर्चमागच्या उतारावरच्या दफनभूमीत पोचवलं होतं. त्याची खुर्ची मात्र कुणी उचलली नव्हती.

गावच्या आगीच्या बंबाच्या शेडमध्ये दर गुरुवारी ही बैठक बसायची. बंब बाहेर काढायचा, खुर्च्या गोल मांडायच्या. ज्याची पाळी येईल त्यानं गाणं सांगायचं, पट्टी सांगायची, सुरुवात करायची आणि संपवायचं झालं की पाय उचलून दाखवायचा. पाय वर दिसला की सगळे एकदम थांबत. इतकी वर्षं वर्ना या गोलाच्या मागं उभी राहून आपल्याहून उंच डबल बेस वाजवत आली होती, पण तिला कधी कुणी विचारलं नाही. "आमच्या हिचं काय, मी म्हणेन ते," असं म्हणून ऑर्लिनच दोघांचं मिळून एक गाणं सांगायचा. ते खोटंही नव्हतं. शाळेच्या स्वयंपाकघरात ती जन्मभर राबली. तिथंही उद्या बीन्स की बटाटे, हे कचेरीतून ठरून यायचं.

"घ्या काहीही," वर्ना म्हणाली.

"त्या नावाचं गाणं नाही येत बाई आम्हाला," मँडोलिनवाला एमेट म्हणाला. कुणी फारसं हसलं नाही.

ग्लेना गिटारवरून वाकून हळूच म्हणाली, "अगं, ऑर्लिनचं मालगाडीचं घेऊ या की. त्याला बरं वाटेल."

मालगाडीचं गाणं ऑर्लिन बँजोवर असं पळवायचा की मागं धावताना वर्नाच्या बोटांना फोड यायचे. मयतीतही तेच वाजवलं. तेव्हाही ती बेसवर होतीच, आणि तिला काहीच वाटलं नव्हतं. घरी येऊन शेजाऱ्यांनी आणलेलं जेवण तिनं झाकून ठेवलं, भांडी घासली, तरीही काही वाटलं नाही. याची तिला मनातून लाज वाटत होती.

"नको," ती म्हणाली. "ते नावाड्याचं घ्या. संथ लयीतलं. डी पट्टीत."

डॉयलनं भुवया उंचावल्या. असली रडगाणी मी मेल्यावर वाजवा, असं ऑर्लिन नेहमी म्हणायचा, हे तिथं सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"म्हणणार कोण? शब्द कुणाला येतात?" एमेटनं विचारलं.

"मला येतात."

ग्लेना वळून तिच्याकडं बघतच राहिली. तीस वर्षं जुन्या मैत्रिणीलाही हे माहीत नव्हतं.

वर्ना गायली. आवाज बारीक होता, मधेच चिरकला. दोन कडव्यांनंतर एकेकानं आपापल्या वाद्यावर चाल वाजवली. पाळी ऑर्लिनच्या रिकाम्या खुर्चीपाशी आल्यावर डॉयल ती जागा भरून काढायला पुढं सरसावला, पण वर्नानं मान हलवली. मग तिथं पूर्ण चालभर नुसता तिचा बेस वाजत राहिला.

शेवटचं कडवंही झालं. एकेकाची नजर खाली गेली. हे सगळे आपल्या बुटांकडं का बघताहेत, ते वर्नाला आधी कळेना. मयतीला घातलेलेच काळे बूट होते, टाचेला अजून तिथली लाल माती होती. मग तिच्या ध्यानात आलं. तिनं पाय उचलल्याशिवाय कुणाला थांबता येणार नव्हतं.

एमेटचा हात भरून आला होता. टेबलावरची कॉफी निवून चालली होती. सगळे वाजवत होते आणि वाट बघत होते.

वर्नानं दोन्ही पाय जमिनीवर तसेच ठेवले आणि पुन्हा पहिलं कडवं धरलं.