कुसाबाईची नखं

पुंजाची एक किडनी कुसाबाईच्या पोटात जाऊन सात महिने झाले, आणि पंधरा दिवसांपासून तिचा खोकला काही हटेना. पिंपळगावहून शहरातल्या दवाखान्यात नवरा-बायकोचा हा चौथा हेलपाटा. बाकावर बसून बसून पुंजाची कंबर आंबली होती.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला. "फुफ्फुसात बुरशी झालीय. बेडक्यातही तीच निघाली. किडनी टिकावी म्हणून ज्या गोळ्या देतो ना, त्यांनी अंगाची ताकद कमी होते. दुसऱ्याला जी बुरशी काहीच करत नाही, ती यांना धरते. धुळीत, कुजक्यात काम करता का?"

"कामाला हातच लावत नाय," कुसाबाई धापा टाकत बोलली. "नुसती बसून असते."

"मास्क?"

"लावते की. हितं येताना."

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरला. नखांच्या कडा काळ्या ठिक्कर. "हे कशाचं?"

"कांद्याचं. चाळीत निवडत बसते ना."

पुंजानं तिचा दुसरा हात ओढून नखं बघितली. बसायला पाट तोच द्यायचा रोज, कांदा साठवलेल्या चाळीच्या सावलीत. तेवढंच करमतं बिचारीला. काजळी धरलेला कांदा ती उचलायची, फू करून बुरशीची काळी भुकटी उडवायची, पदराला पुसून चांगल्यात टाकायची. याला त्यांच्या घरात कुणी काम म्हणतच नव्हतं. काम म्हणजे उभ्यानं करायचं ते.

"आजच भरती व्हा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बुरशीचं औषध लावू. पण त्या गोळ्या कमी कराव्या लागतील. त्यात किडनी जाऊ शकते."

"गोळ्या चालूच ऱ्हाऊ द्या," कुसाबाई म्हणाली. "ह्यांची हाय ती."

"दिली तवा तुझी झाली," पुंजा करवादला. "गेली तर गेली. परत डायलिसिसला नेईन."

"तीन वर्सं नेलं. थकले तुमी."

"थकलोच. मग काय, घरी बसू?"

ती मग म्हणाली, "अर्धी चाळ निवडायची हाय. सडका काढला नाय तर चांगल्याला लागंल."

"चाळ विकली."

"कवा?"

"सकाळीच."

कुसाबाईनं त्याच्याकडं निरखून बघितलं. चौतीस वर्षांत या माणसाला धड खोटं बोलता आलं नव्हतं. तरी सलाईन घेऊन आलेल्या सिस्टरपुढं तिनं हात केला.

पुंजा जिन्यात आला आणि टेम्पोवाल्या झिपरूला फोन लावला.

"उद्या ये. भाव काय का असंना. कांदा निवडायचा नाय, हाय तसा भर."