आमचा एक मैल

आमचे मालक वाटूरजवळ निजाम सरकारच्या सडकेवर मैलकुली. एकाच मैलातले खड्डे मुरमानं बुजवत बारा वर्षं गेली. एका मैलानं काय होतंय म्हणून मी रोज चिडायची, शेळ्याबी मुद्दाम सडकेच्या मधूनच, त्यांनी बुजवलेला मुरूम उखडत न्यायची.

यंदा लेकीला भेटायला दोघं पहिल्यांदा मोटारीनं जालन्याला निघालो. दर मैलाला एक माणूस फावडं घेऊन बाजूला सरायचा. मालक खिडकीतून हात करायचे, तोबी करायचा.

“हे कुठपतोर हायेत?”

“इकडं जालन्यापतोर, तिकडं मागं पार हैदराबादपतोर. एकेकाला एकच मैल.”

मंग जालना येईस्तोवर मी ती माणसंच मोजत गेले. एवढी लांब सडक, आन् तिच्या मैलामैलावर कुणाचा तरी नवरा वाकलेला.

परत आल्यापासून शेळ्या कडंकडंनं हाकून राह्यले.