बाई की बुवा न विचारणारी गुलाबदाणी

मित्रांनो, मी एक जुनी गुलाबदाणी. पितळेची, लांब मानेची, डोक्याला बारीक भोकं असलेली. नाशिकच्या तांबट आळीत ठोकून ठोकून मला घडवलं. वय झालं, पण तोरा अजून तसाच आहे.

काय दिवस होते ते! लग्नाच्या मांडवात मी दारातच असायचे. येईल त्याच्यावर गुलाबपाणी शिंपडायचं, हेच माझं काम. मिशीवाले मामा, नऊवारीतल्या मावश्या, फेटेवाले व्याही, सगळे हौसेनं पुढे यायचे. बाई की बुवा, असं मी कधी विचारलं नाही. आणि गुलाबाच्या वासानं कुणाची मिशी गळून पडलेलीही मी पाहिली नाही. लोक माझं कौतुक करायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

पुढे लग्नं हॉलमध्ये व्हायला लागली आणि मला कुणी विचारेना. आता एका सुगंधी वस्तूंच्या दुकानात मी शोभेला उभी आहे, आतून कोरडी ठणठणीत. एका बाजूला गुलाबी फळी, ‘खास तिच्यासाठी’. दुसरीकडे काळी, ‘फक्त मर्दांसाठी’. साबण, तेल, अगदी घरात लावायच्या मेणबत्त्यासुद्धा वाटून टाकल्यात. गुलाब-मोगरा बायकांना, चामडं नि धूर पुरुषांना. धन्य आहे बाई यांची!

परवा भिमाजी आले. मखमलाबादकडे जन्मभर गुलाबाचा मळा केला त्यांनी. गुडघे गेले, तसे ते मळा सोडून शहरात मुलाकडे राहायला आले. गुलाबी फळीवरची एक बाटली त्यांनी हुंगली आणि डोळेच मिटले.

“मळ्यावानी वास हाय,” ते म्हणाले. “हे अंगाला लावलं तर झोप तरी लागंल. तिथून आल्यापासून डोळ्याला डोळा नाय.”

दुकानातली प्रतिभा म्हणाली, “बाबा, ते लेडीजचं आहे. जेन्ट्सचं इकडे.”

सोबत आलेला त्यांचा मुलगा मनोज ओशाळला. “आप्पा, ठेवा ते. लोक हसतील.”

“आरं, पाट्या भरभरून गुलाब तोडले मी. तवा कुणी हसलं नाय.”

पण त्यांनी बाटली जागेवर ठेवली. मनोजनं काळी बाटली घेतली आणि त्यांच्या मनगटावर फवारली. बाहेर पडताना पायरीवर थांबून भिमाजींनी मनगट हुंगलं.

“ह्यो कुनाचा वास रे, मनोज?” त्यांनी विचारलं.

मनोजनं हात धरून त्यांना पायरी उतरवली. माझा मात्र जीव तुटला. त्या माणसावर शिंपडायला माझ्यात एक थेंब नव्हता.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना नुसतं घासूनपुसून ठेवू नका, कामाला लावा. आणि कुणाला कुठला वास आवडावा, ते ज्याच्या त्याच्या नाकाला ठरवू द्या. कुणीतरी माझ्यात गुलाबपाणी भरा हो. भिमाजी पुन्हा येतील, तेव्हा मी रिकामी नको.