मुलींच्या दारावरचं कुलूप

"अण्णा, सूतगिरणीच्या वसतिगृहाचं कुलूप तूच केलंस ना?" हातातली कानस न थांबवता अंजलैने विचारलं.

"मग? अख्ख्या दिंडीगलमध्ये सात लिव्हरचं असं कुलूप दुसरं कोण करणार?" वेलायुदम अण्णांनी मिशीवरून हात फिरवला.

"गिरणीत कामाला लागल्यापासून माझी तामरै आहे त्याच्या आत. पोंगलला आली, ती तेवढीच. रविवारीसुद्धा बाहेर सोडत नाहीत."

"तरण्याताठ्या दीडशे पोरी आहेत तिथे. त्यांच्या भल्यासाठीच असतं ते. आणि मी कुलपं करतो, बाई. कोण ती कुठे लावतं हे बघत बसलो तर चूल पेटायची नाही!"

मंडळी, हे शेवटचं वाक्य आपल्या ओळखीचं आहे. आपण आपलं काम करायचं, पुढचं आपल्याला काय त्याचं! असं म्हणत आपण काय काय खपवून घेतलं, ते आठवलं तर झोप लागायची नाही.

अंजलै ही अण्णांची धाकटी बहीण. चोविसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हा लहानग्या तामरैला घेऊन ती माहेरी परतली. तेव्हापासून अण्णांच्या प्रत्येक कुलपातली प्रत्येक लिव्हर, म्हणजे आतली पट्टी, तिने घासली होती, प्रत्येक खाच तिने कापली होती. पण बंद कुलूप किल्लीवाचून उघडायची विद्या? ती कुलूपवाल्यांच्या त्या गल्लीत फक्त मुलग्यांना शिकवत. मुलगी सासरी जाणार, विद्या परक्या घरी नेणार, असं जुनी माणसं सांगायची. अंजलै तर सासरहून कायमची परत आली होती! अण्णांना मुलगाही नव्हता. तरी तिला कुणी शिकवलं नाही. असल्या रीतींना डोकं नसतं, नुसता हट्ट असतो.

त्यातही अण्णांनी दोन वर्षांपासून कुलपं उघडायची कामं घेणं बंद केलं होतं. गुडघे दुखतात म्हणायचे. खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी इडल्या ताटात पडत होत्या, तोच गिरणीचा राखणदार इरुदयराज सायकल दामटत आला.

"अंजलैअक्का, तामरै पोटात दुखून लोळतेय! रात्रीपासून उलट्या होताहेत. वॉर्डनबाई पळणीला देवाला गेल्यात, किल्ली त्यांच्या कनवटीला. मी माझ्या जुडग्यातली एक किल्ली फिरवून बघितली, तर कुलूप पार अडकून बसलं. करवत लावली, कडीवर ओरखडासुद्धा नाही!"

अण्णांचा चेहरा उतरला. त्या कडीला पोलाद त्यांनीच चढवलं होतं. चुकीची किल्ली फिरवली की कुलूप जाम करणारी सापळ्याची लिव्हरही त्यांचीच करामत. गिऱ्हाइकाला ती दाखवताना ते किती फुशारले होते!

वसतिगृहाच्या जाळीच्या दाराशी मुलींची गर्दी झाली होती. मागे चटईवर तामरै पाय पोटाशी घेऊन पडली होती. बाहेर व्यवस्थापक घाम पुसत उभा होता. "दार तोडायचं नाही हां," तो म्हणाला. "किल्ली निघालीय पळणीहून. दुपारपर्यंत येईल."

"दुपारपर्यंत?" अंजलै कडाडली. "तुमची मुलगी असती तर थांबला असतात दुपारपर्यंत?"

अण्णांनी दोन वाकड्या तारा कुलपात घातल्या. काढल्या. पुन्हा घातल्या. तिसऱ्यांदा काढल्या आणि स्वतःच्या बोटांकडे बघितलं.

"मला काही लागत नाही," ते पुटपुटले. "बोटं मेलीत माझी. साखरेच्या आजाराने."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"आणि दोन वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास! माझी बोटं शाबूत होती ना, अण्णा? तुझ्या डोळ्यांसमोर कानस चालवत होती ना? मेली असती विद्या तुझ्याबरोबर, पण बहिणीला द्यायची नाही! बघ आता, माझी पोर तुझ्या कुलपाआड मरतेय!"

सगळ्यांसमोर अण्णांची मान खाली गेली. मग त्यांनी तारा बहिणीच्या हातात दिल्या. वडिलांनी दार लावून कानात सांगितलेलं सगळं ते भर अंगणात मोठ्याने सांगू लागले.

"प्रत्येक लिव्हरला खाच आहे. किल्लीचा दाता तिला हवं तेवढंच उचलतो. सातही खाचा एका ओळीत आल्या की खिट्टी सरकते. कमी उचललं तरी अडतं, जास्त उचललं तरी अडतं."

"खाचा मीच कापते. उघडायचं कसं ते सांग!"

"आधी जाड तार हलकेच उलटी दाब, म्हणजे सापळा सुटेल. सुटला? आता तिनेच खिट्टीवर भार ठेव. हलका! बारीक तारेने एकेक लिव्हर चाचप. जी घट्ट लागेल ती पहिली. उचल सावकाश. जराशी ढिली पडली की थांब."

अंजलैने डोळे मिटले. "चौथी घट्ट आहे... बसली. आता दुसरी."

"अम्मा..." आतून तामरैचा आवाज आला.

"आले गं बाळा. सहावी बसली. पाचवी... नाही, ही खोटी खाच आहे. चोराला फसवायला कापलेली. तूच कापायला लावलीस, अण्णा. थोडी आणखी वर जायला हवी."

मुली जाळीला चिकटल्या होत्या. व्यवस्थापक घड्याळ बघत होता. पहिली बसली, तिसरी बसली, सातवी दोनदा निसटली. आणि मग खट्‌! कडी उघडली! मुलींनी तामरैला चटईसकट उचलून बाहेर आणलं. तासाभरात ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर होती. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, डॉक्टर म्हणाले. दुपारपर्यंत थांबलो असतो तर काय झालं असतं, ते अंजलैने विचारलंच नाही.

आठवड्याने व्यवस्थापक अण्णांच्या दारात हजर! "नऊ लिव्हरचं करा. बाईंना उघडता येणार नाही असं."

"चालते व्हा!" अण्णा असे ओरडले की शेजारी बाहेर आले. "तांदळाच्या कोठीला कुलूप मागा, देवळाच्या पेटीला मागा, फुकट करून देईन. माणसांवर लावायला माझ्या हातचा खिळासुद्धा मिळणार नाही!"

त्याच दिवशी ते गल्लीतल्या अकरा घरांत फिरले. आतून उघडता येणार नाही असं कुलूप राहत्या दारासाठी विकायचं नाही, एवढंच त्यांचं मागणं होतं. आठ घरांनी मान्य केलं. तिघे हसले, आणि त्यांतल्याच एकाने गिरणीला नवं कुलूप विकलं.

अंजलैने त्याच संध्याकाळी मुलींच्या आयांना गाठलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती वसतिगृहापाशी गेली. बरोबर त्या आया होत्या, तारा होत्या आणि अण्णाही होते. व्यवस्थापकाच्या डोळ्यांदेखत तिने कुलूप उघडलं आणि तिथेच कडीला लटकवून ठेवलं.

"पोलिसांना बोलावतो!" तो किंचाळला.

"बोलवा ना! दीडशे पोरी कोंडल्या कुणी, ते त्यांनाही बघू दे. मी उद्या पुन्हा येते."

ती चार दिवस गेली. पोलीस काही आले नाहीत. पाचव्या दिवशी दारावर कुलूप नव्हतं, आतल्या बाजूला नवी कडी होती.

आज अण्णांच्या पडवीत तामरै आणि गल्लीतल्या सहा मुली तारा घेऊन बसतात. शिकवते अंजलै. अण्णा शेजारी बसून चुका काढतात आणि तिच्या शिव्या खातात.

मंडळी, आपल्याही घरांत, शाळांत, कारखान्यांत अशी दारं आहेत. त्यांच्या किल्ल्या बाहेरच्याच हातात असतात, आणि आपण त्याला काळजी म्हणतो! आतल्या माणसाला उघडता येत नाही ते दार तुरुंगाचं असतं, मग ते कुणीही, कितीही मायेने लावलेलं असो. आपल्या दाराची कडी आज संध्याकाळी तपासा. आतून उघडत नसेल, तर ती बदलेपर्यंत जेवायला बसू नका!