मुठीतली ऊब

वाशीच्या मोकळ्या प्लॉटवर मोहोरबाबांचा मांडव पडला आणि अख्खी खाडीपट्टी तिथे लोटली. ज्याचं माणूस गेलं, त्याने त्या माणसाचं सोनं आणायचं. बाबा चंदेरी कागदाला अंगारा चोळून देत. भक्ताने त्यात सोनं गुंडाळून मूठ मिटायची. बघता बघता मूठ तापायची, म्हणजे गेलेलं माणूस भेटायला आलं.

"आला," बाबा खर्जात सांगत. "सोन्याला माया असते, मायेला ऊब असते."

जुहूगावच्या चांगुणाबाईंचा नवरा पंढरी बोटीवर खलाशी होता. त्याला नाद एकच. परदेशी बंदरात कुणा राजाच्या राज्यारोहणाची, कुठल्या पुलाच्या शताब्दीची मोजकीच सोन्याची नाणी निघाली, की पगारातून साठवून एखादं घ्यायचं. "अशी पुन्ना निघनार नाय," म्हणत तो ते तिच्या तळहातावर ठेवी. पाच नाणी जमली आणि सहाव्या फेरीत तो समुद्रातच तापाने गेला. पुढे शेतं शहरात गेली, शेजार बिल्डिंगांत पांगला. रोज संध्याकाळी बाई एकेक नाणं हातात धरून बसत. बोलायला दुसरं कोणी नव्हतं.

मांडवात त्यांची मूठ तापली तेव्हा त्या रडल्या. मूठ उघडली तर नाण्यावरच्या राजाच्या तोंडावर पांढरा डाग.

"कलंक," बाबा म्हणाले. "आठवडाभर चरणांशी राहू दे."

नाणं परत आलं ते लखलखीत. राजा तोच, अक्षरं तीच. पण हाताला ते हलकं लागलं. डोळे फसले असते, हात फसेना. तरी बाईंनी ते बाकीच्या चारांत ठेवून दिलं. नाणं खोटं म्हणावं, तर ती ऊबही खोटी ठरणार होती.

शेवटी त्या समोरच्या बिल्डिंगमधल्या, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या जाईबाईंकडे गेल्या. जाईबाईंनी आधी त्यांच्या तळहातावरचा लाल चट्टा पाहिला.

"अंगाऱ्यात पाऱ्याचा क्षार असणार. विषारी असतो तो. कागद अॅल्युमिनियमचा. घामाची ओल लागली की दोन्ही मिळून तापतात. आत नाणं असो वा नसो."

"नानं नसलं तरी?"

"करून बघा."

पुढच्या गुरुवारी चांगुणाबाई पुन्हा मांडवात बसल्या. पदराआड कागद गुंडाळला, मूठ मिटली. मूठ तापली.

"आला," बाबांनी डोळे मिटले. "म्हणतो, चांगुणा, उरलेली चारही इथं आण."

बाईंनी मूठ उघडली. "यो माझ्या पोलक्याचा बटन हाय. याच्यान कोन आयला?"

मागचे लोक बटण बघायला पुढे सरकले.

"श्रद्धा नसेल तर अनुभव येत नाही," बाबा म्हणाले.

"श्रद्धा नव्हती, तरी तापला."

मग मागे बसलेल्या जाईबाई उठल्या. त्यांनी लोकांना त्याच कागदात खडे गुंडाळायला लावले. खडेही तापले. सोन्याला पारा लागला की पांढरा डाग पडतो, त्याला कलंक म्हणायचं आणि शुद्धीच्या नावाखाली मुलामा दिलेलं पितळ परत करायचं, एवढाच चमत्कार होता. पोलीस आले, बाबांना घेऊन गेले. पंढरीचं नाणं मात्र कधीच वितळून गेलं होतं.

मांडव रिकामा झाला तरी गोजरा नावाची एक तरुण विधवा बसूनच होती.

"म्हंजे माझा पन आयला नव्हता?"

"नाय गो," चांगुणाबाई म्हणाल्या. त्यांनाही ते पहिल्यांदाच मोठ्याने म्हणावं लागलं. "चल घरा. चाय करतंय."

गेलेलं माणूस परत येत नाही. आठवण आली तर रडावं, कुणापाशी बोलावं. पण त्याचा निरोप सांगून कोणी सोनं मागू लागला, तर एवढंच म्हणावं: पुन्हा करून दाखव, आमच्या वस्तूवर, आमच्या डोळ्यांदेखत.