रिपोर्टचं दुसरं पान

भागवत एसटीत ड्रायव्हर होता. भोकर–नांदेड गाडीवर त्याची अकरा वर्षं गेली. चाळिशीत त्याच्या मेंदूखालच्या ग्रंथीत गाठ निघाली. लातूरला ऑपरेशन होऊन गाठ गेली, पण शरीरात पुरुषी हार्मोन, टेस्टोस्टेरॉन, तयार होणं जवळजवळ थांबलं. दाढी विरळ झाली, जिना चढताना पाय लटपटू लागले, त्याच्यात आणि बायको सिंधुत बोलणं कमी झालं. डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन लावून दिलं आणि बजावलं, "तीन महिन्यांनी रक्त तपासायचं आणि रिपोर्ट मला दाखवायचा."

पहिलं वर्ष तो नेमाने लातूरला गेला. पुढे रजा मिळेना. मग त्याला धाकटी बहीण आठवली. दीपमाला नांदेडला एका लॅबमध्ये टेक्निशियन होती.

एका दुपारी रक्त तपासून घ्यायला तो तिच्याकडे आला आणि डॉक्टरांची चिठ्ठी पुढे करून भिंतीकडे बघत म्हणाला, "दीपा, कोणाला बोलू नको. हे कशाचं इंजेक्शन हाय ते सिंधुलाबी ठाव न्हाई. ताकदीचं हाय म्हणून सांगितलंय."

दीपमालाने चिठ्ठी वाचली आणि तिचे कान तापले. रोज पन्नास परक्या माणसांचं रक्त काढणाऱ्या तिला भावापुढे मान वर करता येईना. "भोकरलाच तपासत जा दादा," ती म्हणाली. "रिपोर्ट मोबाईलवर पाठव. मी सांगते."

दोन वेळा तिने नीट बघून सांगितलं. तिसरा रिपोर्ट एप्रिलात आला. रिपोर्टमागोमाग त्याचा फोन.

"आकडा बरोबर हाय का गं?"

तिने पहिलं पान उघडलं. टेस्टोस्टेरॉन सहाशे दहा. "हाव दादा, एकदम बरोबर हाय."

"डोकं लई जड राहतंय. तोंडबी लाल होऊन राहिलं. इंजेक्शनामुळं तर न्हाई ना? म्हणजे... बाकी समदं..." तो अडखळला.

तो आता पुढचं काहीतरी बोलेल या धास्तीने ती घाईने म्हणाली, "ऊन किती हाय बघ ना. पाणी पीत जा," आणि तिने फोन ठेवला.

जूनमध्ये एका सकाळी मुदखेडच्या अलीकडे भागवतच्या उजव्या डोळ्यापुढे काळा पडदा आला. त्याने गाडी हळूच कडेला घेतली, ब्रेक ओढला आणि मगच कंडक्टरला हाक मारली. "व्यंकटी, मला दिसंना गेलंय." गाडीत चाळीस माणसं होती. कोणाला ओरखडाही आला नाही.

नांदेडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात दीपमाला धावत पोहोचली. सिंधु आधीच आली होती. डॉक्टर म्हणाले, "डोळ्यामागची शीर तुंबलीय. यांचं रक्त घट्ट वाटतंय. अलीकडे तपासलं होतं का?"

भागवतने मोबाईल पुढे केला. डॉक्टरांनी पहिलं पान बघून बोटाने सरकवलं. दुसऱ्या पानावर रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण होतं. पन्नास टक्क्यांपर्यंत चालतं, ते सत्तावन्न होतं, आणि आकडा ठळक छापला होता.

"या इंजेक्शनांनी काहींचं रक्त घट्ट होतं. त्यासाठीच ही तपासणी करतात," डॉक्टर म्हणाले. "त्या वेळी डोस कमी केला असता तर हे कदाचित टळलं असतं. हे कोणी बघितलं नाही?"

"मी दाखवलाच न्हाई कोणाला," भागवत पटकन म्हणाला.

दीपमाला शेजारीच उभी होती.

उपचार झाले. घट्टपणा उतरावा म्हणून लातूरच्या डॉक्टरांनी दोनदा थोडं रक्त काढलं, डोस कमी केला. डोळ्यात अंधुक उजेड परतला, तो गाडी चालवण्याजोगा नव्हता. भागवतला डेपोत चौकशीच्या खिडकीवर बसवलं. आता नांदेडची गाडी लागली की तो माईकवर सांगतो आणि दुसरा कोणीतरी ती घेऊन जातो.

दिवाळीआधी दीपमाला त्याला तिथेच भेटली. "दादा, मी दुसरं पान उघडलंच नव्हतं. तुझ्याशी त्या विषयावर बोलायची लाज वाटली मला."

भागवतने समोरचा माईक बाजूला सरकवला.

"मला कळलं होतं ते," तो म्हणाला. "तू फोन ठेवलास तवाच. डोकं तर रोज दुखायचं. पण पुन्हा इचारायची मलाबी लाजच वाटली."

त्याने रागवावं असं तिला वाटत होतं. त्याने चहा मागवला.

सिंधुला आता सगळं माहीत आहे. तीच त्याच्याबरोबर लातूरला जाते, डॉक्टरांसमोर बसून एकेक ओळ विचारून घेते. दीपमालाच्या मोबाईलवर रिपोर्ट येत नाहीत. परवा तिनेच फोन केला.

"वहिनी, दादाचं रक्त तपासलं का?"

"हाव. डॉक्टर म्हणले, बरं हाय."

आकडा किती आला, हे दीपमालाच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने भाचीच्या, साक्षीच्या परीक्षेचं विचारलं.