नादशुद्धीची चकती

रविवारी सकाळी दंतवैद्यांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता आणि आत बैठकीच्या खोलीत पशुवैद्य रडत होते. दात दुखत होता म्हणून नव्हे. त्यांच्या कानांवर दंतवैद्यांचे हेडफोन होते, डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. एरवी हा माणूस बैलाची लाथ खाऊनही हूं की चूं न करणारा.

"काय ऐकू येतंय?" नादगुरुजींनी हळुवार आवाजात विचारलं.

"खाली काहीतरी उघडलं," पशुवैद्य म्हणाले. "ढोल थेट पोटात वाजतोय."

"तो ढोल नाही. तो तुमचाच नाद आहे. चुंबकांच्या तुरुंगात खितपत पडला होता, आज सुटला."

खोलीभर 'अहाहा' झालं. निवृत्त मुख्याध्यापकांनी मान डोलावली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना 'सिद्ध करून दाखव' म्हणत आलेला हा माणूस आता सिद्धाच्या पायाशी सतरंजीवर बसला होता.

दाराच्या चौकटीला टेकून हे सगळं बघत होत्या वहिनी. वहिनी म्हणजे दंतवैद्यांच्या पत्नी. वरच्या मजल्यावर घर, त्याच्याच पुढच्या खोलीत नवऱ्याचा दवाखाना आणि खाली रस्त्यालगत वहिनींचं चष्म्याचं दुकान. खोलीत बसलेल्या प्रत्येकाच्या नाकावरचा चष्मा त्यांच्याच दुकानातून गेलेला होता. नादगुरुजींना त्या मनातल्या मनात कानमहाराज म्हणत. तोंडावर म्हणायची सोय नव्हती, कारण नवरा त्यांच्या पुरता नादी लागला होता.

नवऱ्याचा छंद तसा निरुपद्रवी. हे हेडफोन प्लेनर मॅग्नेटिक जातीचे. नेहमीच्या हेडफोनात एक छोटा पडदा मागेपुढे हलतो, यात कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असं एक पटल चुंबकांच्या दोन रांगांमध्ये ताणून बसवलेलं असतं. विजेचा प्रवाह गेला की सगळं पटल एकदम थरथरतं. दंतवैद्यांनी ते उघडून सुधारायला घेतले होते. जेवणाचं टेबल त्यांनी बळकावलं. लोखंडी चिमटा जवळ नेला की चुंबक तो हिसकावून घेत आणि पटल फाटायची भीती, म्हणून दवाखान्यातले प्लॅस्टिकचे चिमटे टेबलावर आले. आतल्या भिंतींना लोकर चिकटली, कानाच्या गाद्या बदलल्या. शेवटी दातांचा साचा घ्यायचा लगदा आला. "हवा निसटली की खालचे सूर निसटतात," असं म्हणत त्यांनी तो लगदा प्रत्येक फटीत भरला. दाढ भरावी इतक्या मन लावून भरला. एवढं करूनही खालचे सूर काही मनासारखे येईनात. वैतागून त्यांनी कुठूनतरी नादगुरुजींचं नाव ऐकलं आणि हात जोडून त्यांना घरी आणलं.

गुरुजींचा विधी ठरलेला होता. आधी 'अशुद्ध श्रवण'. आधीच्या चकत्या काढलेले हेडफोन साधकाने घालायचे, हातात एक छापील कार्ड धरायचं आणि त्यावरचं नादवचन गाणं ऐकता ऐकता मनात वाचायचं. अक्षरं मुंगीएवढी. मग गुरुजी हेडफोन काढून घेत, दोन्ही गाद्या उचलून आत एकेक चंदेरी चकती चिकटवत, तिच्यावर फुंकर मारत आणि म्हणत, "आता शुद्ध श्रवण. दृश्य जगाचा त्याग करा. चष्मा उतरवा, डोळे मिटा." साधक चष्मा उतरवी, डोळे मिटी, आणि त्याच्या पोटात ढोल वाजू लागे.

"ताई, तुम्हीही बसा," गुरुजी त्या दिवशी वहिनींना म्हणाले. "दारात उभं राहून नाद भेटत नाही."

वहिनी बसल्या. कार्ड वाचलं, गाणं ऐकलं. चकती लागली, डोळे मिटले, तेच गाणं पुन्हा ऐकलं. ते जसं होतं तसंच होतं.

"मला काही फरक वाटला नाही," त्यांनी सांगून टाकलं.

गुरुजी करुणेने हसले. "ताईंचं शरीर इथं आहे, मन खाली गल्ल्यावर आहे."

सगळे हसले. नवराही हसला. ते हसू वहिनींनी नीट लक्षात ठेवलं.

इथपर्यंत सगळी गंमत होती. पण नंतर बाबा पुढे सरकले. बाबा म्हणजे वहिनींचे सासरे. गेल्या वर्षभरात त्यांचे कान बरेच गेले होते. नात बोलायला आली की ते नुसते हसत, आणि हल्ली नातही कमी येऊ लागली होती. आठवड्यापूर्वी रस्ता ओलांडताना मागून पाण्याचा टँकर भोंगा वाजवत आला आणि बाबा आपले शांतपणे मधोमध चाललेले. वहिनींनी दुकानातून ते पाहिलं होतं. टँकरवाल्याने ब्रेक मारला म्हणून निभावलं. त्या दिवसापासून भोंगा ऐकला की त्या दुकानाच्या दाराशी धाव घेत. मागे लागून लागून त्यांनी बाबांना कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं आणि कानाचं यंत्र बसवायचा दिवस ठरवला होता. बाबांना ते यंत्र मुळीच नको होतं. म्हातारा दिसेन, म्हणत. वय ऐंशीच्या पुढे.

बाबांनी कार्ड वाचलं, मग चष्मा काढला, डोळे मिटले. त्यांचा चेहरा असा उजळला की वहिनींना क्षणभर वाटलं, आपणच चुकतोय की काय.

"ऐकू येतंय," बाबा मोठ्याने म्हणाले. "अरे, मला सगळं ऐकू येतंय. ढोलसुद्धा."

"कान म्हातारा होत नसतो," गुरुजी म्हणाले. "यंत्र लावलंत की तो आळशी होतो. चकती त्याला जागा करते."

बाबांनी सुनेकडे वळून पाहिलं. "त्या डॉक्टरीणबाईंना कळव. यंत्र नको."

वहिनींनी कळवलं नाही. तोंडाने 'बरं' म्हणाल्या आणि दिवसभर स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवली.

सोमवारी पशुवैद्य दुकानात आले. चष्मा सैल झालाय म्हणाले. वहिनींनी तो हातात घेतला, तर दोन्ही दांड्या बाहेरच्या बाजूने दाबून आत वाकलेल्या.

"यावर बसलात की काय?"

"छे हो. काल ते हेडफोन घातले ना, त्यांनी दाबल्या. गाद्या फार घट्ट आहेत."

"चष्म्यावरूनच घातले होते?"

"मग? चष्म्याशिवाय ते कार्ड वाचता येतंय का? नंतर काढला की."

वहिनींचा हात थांबला. त्या स्वतः चष्म्याऐवजी कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यांत घालत. खोलीत चष्मा नसलेलं नाक त्यांचं एकटीचंच होतं, आणि फरक न ऐकणारे कानही त्यांचेच होते.

पशुवैद्य गेल्यावर त्यांनी दुकान अर्धं ओढून घेतलं, वर जाऊन हेडफोन आणले आणि कोरून-खरवडून आतल्या चकत्या काढून टाकल्या. गाणं लावलं. ढोल पोटात वाजला. मग काउंटरवरची एक बिननंबरी फ्रेम डोळ्यांवर चढवून पुन्हा ऐकलं. ढोल गेला. कुणीतरी डबा वाजवावा तसा टकटक आवाज राहिला. फ्रेम काढली, ढोल परत. घातली, ढोल गायब. वहिनी एकट्याच खो खो हसत सुटल्या.

रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी नवऱ्याला समोर बसवलं, चष्म्यावरूनच त्यांना हेडफोन घातले, गाणं लावलं आणि कानामागून चष्म्याची दांडी हलकेच उपसून काढली. दंतवैद्य खुर्चीत ताठ झाले.

"चकतीने केवढा फरक..." त्यांनी सुरुवात केली.

वहिनींनी दोन्ही चकत्या त्यांच्यापुढे बशीत ठेवल्या.

त्यांनी एक चकती उचलून उलटीपालटी करून पाहिली. मग स्वतःच चष्मा घातला, काढला, परत घातला. लगदा घालून प्रत्येक फट बुजवणाऱ्या या माणसाने एक फट रोज स्वतःच्या कानावर मिरवली होती. गादीखाली दांडी, दांडीशेजारी हवा जायला वाट.

"मी इतके दिवस चष्मा घालूनच ऐकत होतो," ते खोल आवाजात म्हणाले.

"माझं मन गल्ल्यावर असतं म्हणून सुचलं मला," वहिनी म्हणाल्या. "रविवारी तुम्ही फक्त गप्प बसायचं. जमेल?"

रविवारी वहिनी ट्रे आणि मऊ फडकं घेऊन दारातच उभ्या राहिल्या. "आज सगळ्यांचे चष्मे फुकट साफ करून देणार आहे," म्हणाल्या. फुकट म्हटल्यावर मुख्याध्यापकांनी सगळ्यांत आधी काढून दिला. गुरुजी आले तेव्हा खोलीत सगळे डोळे चोळत बसले होते.

पहिला मान मुख्याध्यापकांचा. हेडफोन चढले, कार्ड हातात आलं. त्यांनी ते नाकाला लावलं, लांब धरलं.

"गुरुजी, अक्षर लागत नाही. पण ढोल मात्र आत्ताच वाजायला लागलाय."

गुरुजींची फुंकर ओठांवरच राहिली. "अजून चकती कुठं लावली आहे?"

"तेच म्हणतोय मी. न लावताच शुद्ध झालं."

"हा पूर्वीच्या शुद्धीचा प्रभाव," गुरुजी सावरून घेत म्हणाले. "आता चकतीने तो दुप्पट होईल." त्यांनी घाईघाईने चकती चिकटवली, फुंकर मारली. तेवढ्यात वहिनींनी लखलखीत पुसलेला चष्मा मुख्याध्यापकांच्या नाकावर नेऊन बसवला आणि हेडफोन स्वतःच्या हाताने वर चढवले.

"आता?"

मुख्याध्यापकांचं तोंड कडू झालं. "पळाला. ढोल पळाला. चकतीने नाद घालवला गुरुजी."

खोलीत कुजबुज सुरू झाली. गुरुजी म्हणाले, इथं कुणीतरी संशयी मनाचं आहे, त्याच्या लहरी आड येताहेत.

"संशयी मी," वहिनी म्हणाल्या. "आणि आड चष्मा येतोय." त्यांनी दांडी दोन बोटांत धरून वर केली. "ही गादीखाली गेली की गादी कानाभोवती घट्ट बसत नाही. हवा निसटते आणि खालचे सूर तिच्याबरोबर जातात. वाचायला सांगितलं की चष्मा घालणं आलं, डोळे मिटायला सांगितले की काढणं आलं. काम दांडीने केलं आणि पाया चकतीच्या पडलो. पटत नसेल तर करून बघा."

सगळ्यांनी करून पाहिलं. चष्मे चढले, उतरले, हेडफोन हातोहात फिरले. पशुवैद्यांनी तर चष्म्याऐवजी नुसतं बोट गादीखाली घालून ढोल चालू-बंद करून दाखवला आणि ते पोरासारखे हसू लागले. दंतवैद्यांनी मग रुमालाने झाकून हेडफोन पुढे केले. "आत चकती आहे की नाही, गुरुजी, ऐकून सांगा. आम्ही चुकू, तुम्ही कसे चुकाल?"

गुरुजींना एकाएकी दुसरीकडचं बोलावणं आठवलं. जाताना कार्डांचा गठ्ठा तिथंच राहिला.

हशा चालला होता, पण बाबा हसत नव्हते. ते खिडकीशी बसले होते, हेडफोन मांडीवर.

"मग मला ऐकू आलं ते खोटं होतं?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. त्या त्यांच्याजवळ जाऊन बसल्या आणि समोरून, सावकाश, मोठ्याने बोलल्या. "खोटं नव्हतं बाबा. तुमचे कान ढोल ऐकतात, अजूनही छान ऐकतात. बारीक सूर गेलेत. नातीचं बोलणं त्या बारीक सुरांत असतं. गुरुजींनी तुम्हाला जे आहे तेच परत दिलं. जे गेलंय त्यासाठी यंत्र आहे."

बाबांनी मांडीवरचे हेडफोन बाजूला ठेवले. ठरल्या दिवशी, मंगळवारी, ते स्वतःहून चप्पल घालून दारात उभे राहिले. तोंड फुगवूनच.

डॉक्टरीणबाईंनी यंत्र कानामागे बसवलं. वहिनींनी लगेच बाबांच्या चष्म्याची दांडी मागून थोडी मोकळी करून दिली, दोघांना एका कानावर जागा हवी ना. बाबा ढिम्म. वहिनी मागे सरकल्या आणि अगदी हळू, स्वतःशीच पुटपुटल्या, "हट्टी म्हातारा, आता तरी खूश होईल का कोण जाणे."

"होईल," बाबा न वळता म्हणाले. "आणि म्हातारा कुणाला म्हणालीस?"

वहिनींनी जीभ चावली. मग डोळे पुसले. घरी जाताना मागून रिक्षाने भोंगा दिला तेव्हा बाबा आधी बाजूला झाले आणि त्यांनीच सुनेचा हात धरून तिला ओढलं.

दंतवैद्य अजूनही हेडफोन उघडतात. लोकर बदलतात, लगदा भरतात, आणि त्यातलं बरंचसं खरोखर काम करतं, कारण आता बदल एका वेळी एकच होतो आणि तो झाला की नाही हे वहिनी हेडफोन रुमालाने झाकून तपासतात. तुमच्या दारी कुणी चमत्कार घेऊन आला तर त्याला हाकलू नका. बसवा, पाणी द्या. फक्त तो हाताने काय लावतोय ते बघत बसू नका. त्याच वेळी तुम्हाला काय काढायला सांगतोय, तिकडे नजर असू द्या.